काचेवरची हळद

त्या पेटीच्या फटीतून निसटणारा जांभळा उजेड अजून माझ्या डोळ्यांत आहे. बुटांच्या खोक्याएवढी पत्र्याची पेटी, तिच्या पोटात नळीसारखा एक दिवा, झाकण कधीच नीट न बसल्यामुळे कडेनं गळणारी ती निळी-जांभळी रेघ, आणि खोलीभर पसरलेला कोरडा, तिखट, हवाच कुठेतरी करपत असावी असा वास! बाहेर ऑक्टोबरातलं नागपूर दुपारच्या उन्हानं नुसतं तावून निघालेलं असायचं. आत आम्ही त्या पेटीभोवती दाराआडच्या पाहुण्यासारखे ताटकळत उभे. त्या उजेडाकडे थेट पाहायचं नाही, डोळे जातात, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी पाहत नसे. पण जे पाहायला नको ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून अधिकच दिसतं, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

आधीच सांगून ठेवते, ही आठवण मी रागानं सांगते आहे. रागाला आपल्याकडे फार वाईट नाव. लोभ, मोह, मत्सर यांच्या पंक्तीत त्याला बसवून संतसज्जनांनी त्याचा यथेच्छ उद्धार केला आहे. बाईचा राग असेल तर विचारायलाच नको. तो आला की घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, ‘आज तब्येत बरी नाही वाटतं.’ काळ जाईल तसा राग ओसरतो, असंही मला पुष्कळांनी समजावलं. काळ गेला. केस पांढरे झाले, नागपूर ओळखू येऊ नये इतकं बदललं, आणि हा राग मात्र लोणच्यासारखा मुरत गेला. तेव्हा कुणाला गोड-गोड स्मरणरंजन हवं असेल, तर त्यानं इथूनच मागे फिरावं हे उत्तम.

ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. प्रताप नगरातल्या एका घराच्या दर्शनी खोलीत आमची कार्यशाळा होती. मालकांना सगळे भाऊ म्हणत. मागच्या खोल्यांत भाऊ आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, यांचा संसार, पुढच्या खोलीत तारा, रोधक, सोल्डरिंगचा धूर आणि आम्ही दोघं: वायरिंग करणारा सुधाकर आणि नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतलेली मी. मायक्रोप्रोसेसर हा शब्द तेव्हा शहरात मोजक्याच लोकांना उच्चारता येत होता, आणि भाऊंनी धाडस करून त्याचा बोर्ड बनवायचं काम घेतलं होतं. कोराडीच्या रस्त्यावर एक खाजगी वजनकाटा होता. कोळशाचे ट्रक तिथं उभे राहत, आणि त्यांचं वजन लाल आकड्यांत उमटवणारं यंत्र त्या काट्यावाल्यांना हवं होतं. भाऊंनी बोर्ड माझ्या हवाली केला. खिडकीजवळचं ते टेबल, त्यावरचा तो दिवा, ती उंच खुर्ची माझी झाली. आमच्या साऱ्या गोतावळ्यात अशा खुर्चीवर बसलेली मी पहिलीच मुलगी. ती खुर्ची माझ्यासाठी काय होती, हे सांगायला मला आजही शब्द उसने आणावे लागतील.

त्या बोर्डाचा प्राण एका चिपमध्ये होता. तिला ईप्रॉम म्हणतात. अंगठ्याएवढी काळी लांबट चिप, दोन्ही अंगांना गोमेसारखे पाय, आणि पाठीवर मधोमध काचेची एक इवलीशी गोल खिडकी. बोर्डाला वीज दिली की प्रोसेसर जागा होतो, पण जागा झाल्यावर करायचं काय ते त्याला ठाऊक नसतं. तो सर्वांआधी या चिपकडे वळतो आणि तिथं लिहिलेल्या पहिल्या आज्ञा वाचतो. ती आज्ञावली चिपमध्ये विजेच्या जोरावर लिहायची. बदलायची झाली तर आधी जुनी पुसायची, आणि पुसण्यासाठी ती चिप त्या जांभळ्या पेटीत ठेवायची. खिडकीतून उजेड आत शिरतो आणि लिहिलेलं सारं विरून जातं. एकच शब्द पुसू म्हटलं तर ते शक्य नाही. पुसायचं तर सगळंच. एरवी त्या खिडकीवर कागदाचं लेबल चिकटवून ती झाकून ठेवायची, म्हणजे उन्हानं आतलं लिखाण विटत नाही. यातलं एक मला तेव्हा विलक्षण वाटे. पूर्ण कोऱ्या चिपमध्ये शून्यं नसतात. तिथं सगळीकडे एक हाच आकडा भरलेला असतो. लिहिणं म्हणजे त्यांतल्या काही एकांना खाली पाडून त्यांची शून्यं करणं! माणसाच्या कोरेपणालाही आपण रितेपण समजतो, आणि तिथं काय भरलेलं आहे हे पाहायची तसदी घेत नाही.

दसऱ्याला मी दोन दिवस रजा घेतली. आम्ही बौद्ध. दसरा म्हणजे आमच्या घरी पाहुण्यांचा पूर. वडिलांच्या गावाकडची माणसं पांढरे कपडे घालून, भाकऱ्यांची गाठोडी घेऊन रेल्वेनं, ट्रकनं येत. आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसे, आणि मग सगळे मिळून दीक्षाभूमीकडे चालत निघत. आदल्या दिवशी, म्हणजे नवमीला, कार्यशाळेत यंत्रांची पूजा असते हे मला माहीत होतं. भाऊंनी मोठ्या मनानं ‘येशील त ये’ असं म्हटलंही होतं. मी गेले नाही. घरी आईला हजार कामं होती, आणि पूजेत मला रसही नव्हता. मी ते कुणापासून लपवलं नाही.

रजेवरून परतले तर काट्यावाल्यांचा निरोप आलेला: रिकाम्या ट्रकचं वजन यंत्रानं आपोआप वजा करावं. मागणी रास्त होती. मी आज्ञावलीत बदल केला, बोर्डावरची चिप काढली, तिचं लेबल सोललं, तिला पेटीत ठेवून नेहमीइतका वेळ दिवा लावला आणि ती चिप लिहिण्याच्या यंत्रात बसवली. हे यंत्र आधी चिप कोरी आहे की नाही ते तपासतं. त्याचा तांबडा दिवा लागला. कोरी नाही! पुन्हा पेटीत ठेवली, दुप्पट वेळ. पुन्हा तांबडा दिवा. दुसरी चिप घेतली, तिसरी घेतली. डब्यात होत्या तेवढ्या साऱ्या पालथ्या घातल्या. प्रत्येकीत जुन्या लिखाणाचे कसले तरी अवशेष शिल्लक! शेवटी वैतागून एकीवर तसंच लिहिलं, तर बोर्डावरचे आकडे वेडेवाकडे लुकलुकू लागले, जणू ट्रकमध्ये कोळसा नसून भुतं भरली आहेत.

मग सुरू झाला तो शोध, ज्याला आमच्या धंद्यात सरळ ‘फॉल्ट काढणं’ म्हणतात. मी चिपांचे पाय खोडरबरानं घासून लख्ख केले. लिहिणाऱ्या यंत्राचे व्होल्ट मोजले; बरोबर होते. चिप ज्या खाचेत बसते ती बैठक बदलली. दिव्यावर संशय घेऊन त्याची नळी पुसली, मग ओळखीच्या ठिकाणाहून दुसरी नळी मागून आणून लावली. फरक शून्य. नव्या चिपा मुंबईहून पार्सलनं यायच्या, त्यांची वाट पाहत बसणं परवडणारं नव्हतं. भाऊ येरझाऱ्या घालत, थांबत, माझ्या खांद्यावरून डोकावत आणि म्हणत, “सुजाता, दसऱ्याच्या आधी चालून राहिला होता वं हा बोर्ड. तू काय केलं त्याले?” मी केलेलं सगळं तर त्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

आणि मग एका सकाळी सुधाकर बोलला. हातातली तार सोलता सोलता, माझ्याकडे न पाहता, अगदी सहज. “पूजेत हात नाही लावला ना भाऊ यायनं. मंग मशीन रुसन नाही त काय करन?” मला वाटलं, भाऊ त्याला दटावतील. शिकलेला माणूस! ट्रान्झिस्टरचं गणित तोंडपाठ असलेला माणूस! भाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “तसं नाही गा. पण हातगुण असते एकेकाचा.” मग माझ्याकडे वळून, आवाज शक्य तितका मऊ करून, “मंगळवारी काट्यावाले येऊन राहिले. तोवर नाही झालं त बोर्ड सुधाकर पाहीन. तू टायपिंग सांभाळ.”

हातगुण! काय शब्द आहे पाहा. आपल्या भाषेनं तो प्रेमानं घडवला आहे. डॉक्टरच्या हाताला गुण असतो म्हणून ताप उतरतो, एखाद्या काकूंच्या हाताला गुण असतो म्हणून त्यांचीच पुरणपोळी फुटत नाही. त्याच शब्दाला उलटा करून माझ्या हातावर ठेवला, तेव्हा तो किती थंड लागला म्हणून सांगू! कारण या शब्दाला पुरावा लागत नाही. व्होल्ट कमी पडले म्हणा, मी मीटर लावून दाखवीन; पाय चुकीचा जोडला म्हणा, मी नकाशा उघडून दाखवीन. हाताला गुण नाही म्हटल्यावर दाखवायचं काय? आणि पुढे जाऊन विचारते, हात कुणाचा हे त्यांना नव्यानं का आठवलं? दसऱ्याआधी हाच बोर्ड याच हातांनी जिवंत केला, तेव्हा पेढे वाटताना हातगुण कुणाला सुचला नव्हता. हाताच्या मागचं घर कोणतं, त्या घरात कुणाचा फोटो आहे आणि कुणाचा नाही, हे सगळं त्या एका मऊ शब्दात होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मी पूजेची टिंगल करणारी नव्हे. अवजाराबद्दल कृतज्ञ असावं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटायच्या वेळेला ते सुताच्या चिंध्यांनी आपला माग पुसून काढत, तेलाचा थेंब द्यायचा तिथं देत आणि मगच हात धुवत. नमस्कार करत नसत. कधी काही बोलतही नसत. त्यांच्या मागाला कुणी दुसऱ्यानं हात लावलेला मात्र त्यांना खपत नसे. मला विचाराल तर यंत्राचा मान यापेक्षा वेगळ्या रीतीनं कसा राखतात ते मला समजत नाही. पण त्या दिवसांत मी घरी जाऊन त्यांना काही सांगितलं नाही. ते मला म्हणाले असते, नोकरी सोड, आणि मला ती खुर्ची सोडायची नव्हती. सायकलचं पायडल इतक्या जोरानं मारत मी घरी जात असे की साखळी दोनदा निखळली.

सोमवारी दुपारी मी टेबलाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला. मागच्या फटीत धुळीत एक चिप पडलेली सापडली. तिच्यावर माझ्याच हस्ताक्षरातलं जुनं लेबल होतं, आत पहिल्या खटाटोपातलं जुनं लिखाण. काही आशा नव्हती. नुसती चिडून तिला पेटीत टाकली, नेहमीइतकाच वेळ दिला, यंत्रात बसवली, आणि हिरवा दिवा लागला! कोरी! तोच दिवा, तीच पेटी, तेच व्होल्ट आणि तोच, तोच गुण नसलेला हात! मी ती चिप आणि न पुसली जाणारी एक चिप अशा दोन्ही घेऊन खिडकीत गेले आणि उन्हात तिरप्या धरल्या. एकीची काच स्वच्छ. दुसरीवर पिवळसर, तेलकट अशी एक झाक. लेबलाच्या डिंकाचा असा पिवळेपणा मी प्रत्येक चिपवर पाहिला होता. त्यानं कधी काही अडलं नव्हतं. पण हा पिवळा निराळा होता. नखानं खरवडलं, तर नखाच्या कडेला रंग बसला.

तो रंग मला कुणी ओळखून द्यायला हवा होता का? रोज सकाळी वरणाला फोडणी देऊन कामावर येणारी बाई मी! तरी खात्री हवी होती. मोरीतल्या साबणाच्या वडीवर ओला कापूस फिरवला आणि काचेवर घासला. कापूस विटकरी-लाल झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे ज्यानं कधी घरातलं लुगडं धुतलं आहे त्याला ठाऊक असतं. तो जांभळा उजेड भल्याभल्यांचे डोळे घालवतो, पण हळदीच्या एका पातळ थरापुढे तो हात टेकतो. आत शिरायला वाटच मिळाली नाही, तर तो पुसणार काय?

मी सुधाकरला विचारलं, नवमीला चिपा पूजेत मांडल्या होत्या का? तो निरागसपणे म्हणाला, “हो त. बोर्डावरची बी काढून सगळ्या ताटात मांडल्या होत्या. जुने लेबलं फाटले होते, ते काढून टाकले. वहिनीनं एकेकीले हळदीचं बोट लावलं. मंग म्याच फडक्यानं पुसून नवे चिकटवले.” माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. ताटात ओळीनं झोपलेल्या काळ्या चिपा, प्रत्येकीच्या पाठीवर काचेचं गोल कपाळ, आणि अनामिकेनं बरोबर त्या कपाळावर, जरासुद्धा इकडेतिकडे न जाऊ देता लावलेली हळद. दुसरीकडे कुठं लावणार? लावायची जागा जणू बनवणाऱ्यानंच आखून दिलेली! मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. स्पिरिटचा बोळा घेऊन मी एकेक काच धुतली, एकेक चिप पेटीत ठेवली, आणि संध्याकाळच्या आत बोर्ड मुकाट सुरू झाला. भाऊंना हाक मारून लाल कापूस दाखवला, सगळं सांगितलं. ते लाल आकड्यांकडे पाहत राहिले. “झाला ना चालू? मंग आता कायले खोदून राहिली?”

कशासाठी खोदते! अहो, फॉल्ट काढणं म्हणजे यंत्र सुरू करणं एवढंच असतं का? फॉल्ट कुठं होता ते सांगितल्याशिवाय तो निघत नाही. तो जिथं ठेवला होता तिथंच राहतो. माझ्या हातावर ठेवलेला तो माझ्या हातावरच राहणार होता. ज्या तोंडानं, ज्या माणसांसमोर तो ठेवला त्याच तोंडानं तो उचलावा, एवढीच माझी मागणी होती. खुर्ची वाचली होती. त्या क्षणी मला ती पुरेशी वाटली नाही, आणि याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

मंगळवारी सकाळी काट्यावाले आले, तिघं. बोर्डाला वीज दिली, चाचणीपुरतं खोटं वजन चढवलं, वजा केलं; आकडे जिथल्या तिथं. सुधाकरनं नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे वाटता वाटता भाऊ पाहुण्यांना म्हणाले, “मधात जरा विघ्न आलं होतं साहेब. आमच्या पोरीचा हात अजून बसला नाही. पण देवानं सांभाळलं.” पाहुण्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, टेबलावर ठेवलेल्या माझ्या दोन हातांकडे! आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात बोलले. “भाऊ, विघ्न नव्हतं. काचेवर हळद होती. माझ्या हाताचा काही दोष नव्हता.” कुणाची हळद, ते मी बोलले नाही. भाऊंचा चेहरा लाल झाला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. “ते हळद म्या लावली,” त्या म्हणाल्या. “बोट माझं होतं.”

मग भाऊच हसले, मोकळेपणानं, पोट धरून. “म्हणजे बोर्डाले हळद लागली होती म्हणा! मंग लगनाले थोडा उशीर त होतेच!” काट्यावाले हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, घरच्या लक्ष्मीनं लावली म्हणजे शुभच झालं. सुधाकर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. पाहता पाहता खोली सणासारखी झाली. चूक तीच होती, चिपा त्याच होत्या, वाया गेलेले दिवस तेच होते. माझ्या हातची होती तोवर ती अवलक्षण होती, वहिनींच्या बोटाची ठरली आणि तिची गंमत झाली. मी ती उलटापालट बसल्या जागी पाहिली. डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं ते सगळं मला तिथं कळलं, आणि माझ्या कानशिलांत इतकी आग झाली की समोरचे लाल आकडे मला दिसेनासे झाले.

वहिनी हसल्या नव्हत्या. त्यांनी ट्रे माझ्या टेबलावर ठेवला, पहिला कप उचलून माझ्या हातात दिला आणि नवऱ्याकडे वळल्या. त्यांना मी चार माणसांत इतकं बोलताना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

“आता हासून राहिले सारे. अन् तिच्या हातानं झालं वाटत होतं, तवा काहून नाही हासलं कोणी?”

काट्यावाल्यांनी नजर खोबऱ्यात घातली. सुधाकर तारांचं भेंडोळं उगाच सोडवू लागला. भाऊंनी चहा बशीत ओतला, आणि तो निवून गेला तरी कितीतरी वेळ त्याच्यावर फुंकर घालत राहिले.